हृदयशस्त्रक्रियेनंतर मुलाला ताप आणि छातीत दुखणे: निदानाचा क्रम कसा ठेवावा

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील अनेक मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पुणे, मुंबई किंवा कोल्हापूर येथे होतात आणि मूल बरे होऊन पाटण, दहिवडी, शिराळा किंवा जतकडच्या आपल्या गावी परतते. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, मूल छातीवर हात ठेवून कण्हू लागते आणि पालक साहजिकच जवळच्या दवाखान्यात जातात. तेथे सर्दी-खोकल्याचा ताप समजून अँटिबायोटिक सुरू होते, अनेकदा सोबत स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते, दोन दिवस ताप उतरतो आणि सर्वांना हायसे वाटते. त्यानंतर ताप पुन्हा चढतो, तेव्हा रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, काही उगवत नाही, हृदयाभोवती साठलेले पाणी वाढलेले असते आणि मूळ आजार कोणता होता हे सांगणे मोठ्या रुग्णालयालाही अवघड जाते. यात औषध प्रत्येक वेळी चुकीचे असते असे नाही, चुकतो तो क्रम.

हा क्रम पालकांनी आणि मुलाला प्रथम तपासणाऱ्या डॉक्टरांनी, म्हणजे कुटुंबाचे डॉक्टर, ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकारी आणि तालुक्याचे बालरोगतज्ज्ञ यांनी, सारखाच पाळायचा आहे. पहिले दोन टप्पे मुख्यतः पालकांसाठी आहेत आणि पुढचे डॉक्टरांसाठी. तरी पालकांनी पुढचेही वाचावे, कारण कोणती तपासणी कशानंतर व्हायला हवी हे त्यांना ठाऊक असले, तर ते योग्य वेळी विचारू शकतात.

## सर्वात आधी: या खुणा असतील तर पुढचे वाचत बसू नये

खालीलपैकी एक जरी खूण दिसली तरी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि ऑक्सिजनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात निघावे:

- मूल आडवे पडू शकत नाही, पुढे वाकून बसते किंवा श्वास घेताना छाती आत ओढली जाते.
- हातपाय गार पडले आहेत, मूल फिकट किंवा राखाडी दिसते, घाम सुटतो, गुंगी आहे किंवा चक्कर येऊन पडले आहे.
- ओठ नेहमीपेक्षा निळे आहेत किंवा ऑक्सिमीटरवरचा आकडा त्या मुलाच्या नेहमीच्या आकड्याहून स्पष्टपणे घसरला आहे.
- छातीच्या जखमेतून पू येतो, जखम उघडली आहे किंवा खोकताना छातीचे हाड हलल्यासारखे किंवा कट्कन वाजल्यासारखे जाणवते.
- वारंवार उलट्या होतात आणि लघवी कमी झाली आहे.

शेवटच्या खुणेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. शस्त्रक्रियेनंतरच्या आठवड्यांत ताप आणि उलट्या म्हटले की पोट बिघडले असे समजले जाते. पण लहान मुलांत हृदयाभोवती पाणी साठल्याची पहिली तक्रार पुष्कळदा उलटी आणि जेवणावरची वासना जाणे हीच असते.

## टप्पा १: ताप येण्यापूर्वीची तयारी, म्हणजे फाईल

निदानाची निम्मी माहिती डिस्चार्ज कार्डात असते आणि नेमके तेच अडचणीच्या वेळी सापडत नाही. ऊसतोडीसाठी कुटुंब दुसऱ्या जिल्ह्यात गेलेले असते आणि फाईल गावाकडच्या ट्रंकेत राहते, हा अनुभव आपल्या भागात नवा नाही. म्हणून घरी आल्याच्या दिवशीच कार्डाच्या प्रत्येक पानाचा स्पष्ट फोटो काढून तो घरातील किमान दोघांच्या फोनमध्ये ठेवावा.

त्या फोटोंत पुढील गोष्टी आहेत ना, हे पाहावे आणि नसल्यास रुग्णालयाकडून लिहून घ्याव्यात: शस्त्रक्रियेचे नाव आणि तारीख, छाती पुढून उघडली, बाजूने उघडली की मांडीच्या शिरेतून तारेने छिद्र बंद केले, आत पॅच, कृत्रिम झडप, नळी किंवा शंट (फुप्फुसाकडे रक्त नेणारी जोडनळी) बसवला आहे का, कुठे गळती शिल्लक आहे का, घरी सोडतानाच्या इकोमध्ये हृदयाभोवती पाणी होते का, सोडतानाचे वजन आणि ऑक्सिजनचा आकडा, चालू औषधांची नावे आणि मात्रा, आणि शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकाचा फोन. सोडतानाच्या ईसीजीची प्रतही मागून घ्यावी. त्याचा उपयोग सातव्या टप्प्यात दिसेल.

ऑक्सिजनच्या आकड्याबद्दल थोडे सांगायला हवे. शंट किंवा ग्लेन (शरीराच्या वरच्या भागाची मोठी शीर थेट फुप्फुसाच्या धमनीला जोडण्याची) शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचा आकडा ७५ ते ८५ टक्के असणे अपेक्षित असू शकते, तर छिद्र पूर्ण बंद केलेल्या मुलाचा तो ९५ च्या वर असायला हवा. नेहमीचा आकडा माहीत नसेल तर आजच्या आकड्याला अर्थ राहत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीतून मुलाचा आजार सापडला असेल, तर ग्रामीण रुग्णालयातील त्या पथकाकडेही कागदांची प्रत द्यावी. मोठ्या रुग्णालयाशी संपर्क साधताना त्यांची मदत होते.

पडताळणी: शस्त्रक्रियेची तारीख, चालू औषधे आणि शस्त्रक्रिया पथकाचा फोन या तीन गोष्टी आजीला किंवा काकांनाही दोन मिनिटांत सांगता येतील, अशी व्यवस्था झाली म्हणजे हा टप्पा पूर्ण झाला.

## टप्पा २: घरी ताप लक्षात आल्यावर

कपाळाला हात लावून ताप ठरवू नये. थर्मामीटरने मोजावा आणि आकडा वेळेसह वहीत लिहावा. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर पथकाला किंवा आपल्या बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी कळवावे. पहिला आकडा औषध देण्यापूर्वीचा असावा.

तापासाठी पॅरासिटामॉल देता येते. मात्रा दर किलो वजनाला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान ४ ते ६ तासांचे अंतर आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत, असा हिशेब असतो. ५ मिलिलिटरमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असलेली आणि २५० मिलिग्रॅम असलेली अशी वेगवेगळ्या ताकदीची सिरपे मिळतात, आणि थेंबांचे औषध तर आणखी तीव्र असते. त्यामुळे 'एक झाकण' किंवा 'एक चमचा' हे माप वापरू नये, बाटलीवरचा आकडा वाचून डॉक्टरांकडून मिलिलिटर ठरवून घ्यावे.

इशारा: घरात उरलेले अँटिबायोटिक सुरू करू नये. आयबुप्रोफेन किंवा ते मिसळलेले तापाचे औषध स्वतःहून देऊ नये, कारण रक्त पातळ करणाऱ्या औषधांसोबत आणि डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढू शकतो. चालू असलेले ॲस्पिरिन किंवा ॲसिट्रोम (रक्त पातळ करणारे औषध) स्वतःहून बंदही करू नये, कारण शंट किंवा कृत्रिम झडप असलेल्या मुलात त्याने गुठळी होऊ शकते. मात्र मुलाच्या अंगावर कांजिण्या उठल्या असतील किंवा फ्लूचा संशय असेल, तर ॲस्पिरिनबद्दल पथकाला तत्काळ विचारावे, कारण या आजारांत ॲस्पिरिनमुळे यकृत आणि मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

जखमेवर हळद, तेल किंवा बाम लावू नये आणि छाती शेकू नये. शंट असलेल्या मुलाच्या अंगातील पाणी तापात कमी होऊ देऊ नये. असे मूल दूध किंवा पाणी घेत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

## टप्पा ३: दिवस मोजणे

दवाखान्यात आलेल्या मुलाची छाती ऐकण्यापूर्वी डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारावा: शस्त्रक्रिया होऊन किती दिवस झाले? या एका उत्तराने शक्यतांचा क्रम बदलतो.

पहिल्या दोन दिवसांतला हलका ताप बहुधा शस्त्रक्रियेचाच असतो आणि तेव्हा मूल रुग्णालयातच असते. पहिल्या आठवड्यापासून साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत जखमेचा आणि छातीच्या हाडामागच्या पोकळीचा संसर्ग (मेडियास्टिनायटिस), न्यूमोनिया आणि फुप्फुसाभोवतीचे पाणी यांचा विचार पुढे असतो. एक ते सहा आठवड्यांच्या काळात, क्वचित काही महिन्यांनीही, पोस्ट-पेरिकार्डिओटॉमी सिंड्रोम होतो. हृदयावरण उघडल्यानंतर शरीराच्या प्रतिकारशक्तीने दिलेल्या प्रतिसादातून हृदयावरणाला सूज येते आणि त्यात पाणी साठू शकते. जंतुसंसर्ग नसतानाही यात ताप येतो. दोन वर्षांखालील बाळांत तो तुलनेने कमी दिसतो. हृदयाच्या आतील अस्तराचा जंतुसंसर्ग, म्हणजे एंडोकार्डायटिस, मात्र कोणत्याही काळात होऊ शकतो, अगदी वर्षांनंतरही, विशेषतः कृत्रिम झडप, नळी, शंट किंवा पॅचच्या कडेला गळती शिल्लक असेल तर.

तारेने छिद्र बंद केलेल्या मुलात हृदयावरण उघडलेले नसते, म्हणून वरील सिंड्रोमची शक्यता मागे पडते. परंतु दोन कप्प्यांमधल्या पडद्यावर बसवलेले उपकरण क्वचित हृदयाची भिंत घासते आणि हृदयाभोवती रक्त साठते. अशा मुलात नव्याने आलेले छातीचे दुखणे म्हणजे त्याच दिवशी इको, इतके पक्के धरावे.

## टप्पा ४: दुखणे नेमके कसले, हे काढून घेणे

'छातीत दुखते का' असा प्रश्न मुलाला विचारला की मूल मान डोलावते आणि माहिती काहीच मिळत नाही. त्याऐवजी एका बोटाने जागा दाखवायला सांगावे आणि मग आईला पुढील गोष्टी विचाराव्यात: आडवे केल्यावर रडते का आणि उठून बसवल्यावर किंवा पुढे वाकल्यावर शांत होते का, खोल श्वास, खोकला किंवा घास गिळताना कळ येते का, डावा खांदा किंवा मान दुखते असे म्हणते का. याची उत्तरे 'हो' असतील तर हृदयावरणाची सूज संशयात पुढे येते. बोलू न शकणाऱ्या बाळात उताणे ठेवताच रडणे आणि खांद्यावर उभे धरताच थांबणे, ही तीच तक्रार असते.

बोटाने नेमका छातीच्या हाडावरचा एक बिंदू दाखवणे आणि तेथे दाबल्यावर दुखणे, हे भरून येत असलेल्या हाडाचे असू शकते. हाड भरायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात आणि या काळात मुलाला काखेत हात घालून उचलले तर ते दुखतेच. परंतु त्याला ताप जोडला गेला की हे स्पष्टीकरण पुरेसे राहत नाही.

महाधमन्यांची अदलाबदल केलेल्या किंवा हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीवर काम झालेल्या मुलाच्या दुखण्याचे वेगळे विचारावे. खेळताना छातीत दुखून मूल थबकते का, किंवा बाळ दूध पिताना अचानक पांढरे पडून घामाघूम होते का? येथे ताप योगायोगाचा असू शकतो आणि दुखणे रक्तपुरवठ्याचे.

संधिवाताच्या तापाने झडप खराब झाल्यामुळे शस्त्रक्रिया झालेल्या मोठ्या मुलाला सांधे सुजले का आणि पेनिसिलिनची ठरलेली इंजेक्शने चुकली का, हेही विचारावे. चुकली असतील तर तोच आजार उलटलेला असू शकतो.

## टप्पा ५: तपासणी, कपडे काढूनच

शर्ट वर करून केलेली तपासणी येथे चालत नाही. छाती पूर्ण उघडी करून आधी नुसते पाहावे: मूल कसे बसले आहे, श्वास किती, जखम लाल आहे का, मानेच्या शिरा फुगल्या आहेत का. जखमेच्या दोन्ही बाजूंना तळहात ठेवून मुलाला खोकायला सांगावे. हाडाचे दोन भाग एकमेकांवर सरकल्याचे जाणवले, तर तपासणी तेथेच थांबवून शस्त्रक्रिया पथकाला फोन करावा.

नाडी मोजताना तापाचा हिशेब धरावा. दर एक अंश सेल्सिअस तापामागे नाडी मिनिटाला सुमारे १० ठोक्यांनी वाढते. त्याहून बरीच जास्त नाडी आणि सोबत वाढलेले यकृत असेल, तर तिला तापाची नाडी म्हणून सोडू नये.

हृदयाभोवतीच्या पाण्याचा दाब ओळखण्यासाठी हाताने फुगवायचे रक्तदाबाचे यंत्र लागते, स्वयंचलित यंत्राने हे होत नाही. मूल शांत बसलेले असताना पट्टा फुगवावा आणि हवा अगदी सावकाश सोडावी. पहिले ठोके फक्त श्वास सोडतानाच ऐकू येतात आणि श्वास घेताना नाहीसे होतात. तो आकडा लिहावा. हवा आणखी हळू सोडत राहिल्यावर एका क्षणी ठोके श्वास घेताना आणि सोडताना सलग ऐकू येऊ लागतात. तो दुसरा आकडा. दोन्हींतील फरक पाऱ्याच्या १० मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर हृदय दबले जात आहे असे समजून पुढची पावले तातडीने उचलावीत. लहान बाळात हे जमत नाही. तेथे मॉनिटरवरील ऑक्सिमीटरची लाट प्रत्येक श्वासाबरोबर ठळकपणे लहान-मोठी होते का ते पाहावे. छिद्र शिल्लक असलेल्या मुलात दाब असूनही हा फरक दिसणार नाही, त्यामुळे आकडा ठीक आला म्हणून निश्चिंत होऊ नये. आणि मुलांत रक्तदाब घसरणे ही शेवटची खूण आहे, तिची वाट पाहायची नसते.

शंट असलेल्या बाजूच्या हातात रक्तदाब मुळातच कमी येऊ शकतो, म्हणून दुसऱ्या हातात मोजावा. अशा मुलात शंटचा सतत ऐकू येणारा आवाज आहे का, हे कान देऊन ऐकावे. आवाज नाही आणि ऑक्सिजन घसरलेला आहे, म्हणजे शंट बंद पडत असण्याची दाट शक्यता आहे.

मग उरलेले शरीर: नवा मर्मर (हृदयाचा जादा आवाज), वाढलेली प्लीहा, नखांखाली रक्ताच्या रेषा, डोळ्यांच्या आतील त्वचेवर लाल ठिपके, घसा, कान, सलाईनच्या जुन्या जागा. दातही पाहावेत, किडलेल्या दाताकडे सहसा कोणी बघत नाही.

इशारा: रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्या मुलाला कंबरेत किंवा दंडाच्या स्नायूत इंजेक्शन देऊ नये, कारण तेथे रक्त साकळते. ज्या मुलांत अशुद्ध रक्त थेट शुद्ध रक्तात मिसळते, त्यांना सलाईन लावताना नळीत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

## टप्पा ६: अँटिबायोटिकच्या पहिल्या मात्रेआधी रक्ताचे कल्चर

या लेखातील एकच टप्पा लक्षात ठेवायचा असेल तर हा ठेवावा. एंडोकार्डायटिसमध्ये कोणता जंतू आहे हे कळले, तर चार ते सहा आठवड्यांचे औषध नेमके निवडता येते. कल्चर घेण्याआधी तोंडाने दिलेल्या अँटिबायोटिकच्या थोड्या मात्रांनीही जंतू रक्तात दिसेनासे होतात, पण झडपेवर किंवा पॅचवर ते राहतात. त्यानंतर कल्चर 'निगेटिव्ह' येते आणि तो अहवाल सर्वांची दिशाभूल करतो.

पद्धत अशी आहे. तीन वेगवेगळ्या शिरांतून तीन वेळा रक्त घ्यावे, मुलाची स्थिती परवानगी देत असेल तर पहिल्या आणि शेवटच्या वेळेत किमान एक तासाचे अंतर ठेवून. बाळात प्रत्येक वेळी १ ते ३ मिलिलिटर आणि मोठ्या मुलात ५ ते ७ मिलिलिटर रक्त लागते. अर्धा मिलिलिटर रक्त घालून पाठवलेल्या बाटलीचा फारसा उपयोग होत नाही. त्वचा जंतुनाशकाने पुसल्यावर ती पूर्ण वाळू द्यावी, कारण ओल्या त्वचेतून घेतलेल्या रक्तात त्वचेवरचेच जंतू उगवण्याचा धोका वाढतो. आधीपासून लावलेल्या सलाईनच्या सुईतून रक्त घेऊ नये.

बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये. तालुक्याच्या प्रयोगशाळांत ही चूक वारंवार होते, कारण इतर अनेक नमुने थंडच ठेवायचे असतात. कल्चरची बाटली खोलीच्या तापमानाला ठेवून त्याच दिवशी मिरज, सांगली, कराड किंवा साताऱ्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवावी. बाटलीवर वेळ आणि कोणत्या हातातून रक्त घेतले ते लिहावे, आणि सोबतच्या चिठ्ठीत हृदयशस्त्रक्रिया झालेली आहे, एंडोकार्डायटिसचा संशय आहे आणि आधी कोणते अँटिबायोटिक दिले गेले, हे नमूद करावे.

कल्चर घेतल्यावर मूल स्थिर असेल, तर पथकाशी बोलून अँटिबायोटिक न देता वाट पाहता येते. दुसऱ्या दिवसापर्यंत काही उगवले नाही तर आणखी दोन वेळा रक्त घ्यावे. पण मूल गुंगीत असेल, हातपाय गार असतील किंवा रक्तदाब घसरत असेल, तर तासाभराचे अंतर पाळत बसू नये: मिळेल तितके रक्त काही मिनिटांत कल्चरसाठी घ्यावे आणि शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू करावे.

इशारा: या टप्प्याआधी स्टेरॉइड देऊ नये, कोणत्याही रूपात, डेक्सामेथासोनच्या एका इंजेक्शनच्या रूपातही नाही. स्टेरॉइडने पोस्ट-पेरिकार्डिओटॉमी सिंड्रोमचा ताप उतरतो, न्यूमोनियाचाही काही काळ उतरतो आणि मेडियास्टिनायटिसचाही झाकला जातो. ताप उतरला म्हणजे निदान झाले असे त्यानंतर कोणालाही म्हणता येत नाही.

पडताळणी: मूल आधीच दुसऱ्या दवाखान्यात जाऊन आले असेल, तर त्या औषधांची पाकिटे मागवून पाहावीत. पांढऱ्या पुडीतून दिलेल्या गोळ्यांत काय होते, हे त्या डॉक्टरांना फोन करून विचारण्यात संकोच नसावा.

## टप्पा ७: ईसीजी, एक्स-रे आणि बाकीचे रक्त

ईसीजी कुठेही होतो, म्हणून तो लवकर काढावा. हृदयावरणाच्या सुजेत अनेक लीडमध्ये (हृदयाकडे वेगवेगळ्या कोनांतून पाहणाऱ्या नोंदींमध्ये) एकाच वेळी एसटी रेषा वर उचललेली दिसते, पाणी जास्त असेल तर सर्व लाटा बुटक्या होतात. मात्र शस्त्रक्रियेमुळे ईसीजी आधीच बदललेला असतो, म्हणूनच सोडतानाची प्रत शेजारी ठेवून वाचावा. ठराविक लीडमध्येच बदल असतील, तर रक्तपुरवठ्याचा विचार करून ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) तपासावे.

एक्स-रेमध्ये हृदयाची सावली आधीच्यापेक्षा मोठी आणि खाली रुंद झाली आहे का, डाव्या फुप्फुसाच्या तळाशी पाणी आहे का, न्यूमोनियाचा डाग आहे का, हे पाहावे. धाप लागलेल्या मुलाला एक्स-रेसाठी उताणे झोपवण्याचा आग्रह धरू नये.

येथे एक गंभीर चूक होते. सावली मोठी दिसली की हृदय निकामी होत आहे असे समजून लघवीचे औषध दिले जाते. मोठी सावली भोवतीच्या पाण्यामुळे असेल, तर हृदयात परत येणारे रक्त टिकवून ठेवणे हाच तात्पुरता आधार असतो आणि लघवीच्या औषधाने तोच जातो. इको होईपर्यंत लघवीच्या औषधाची नवी किंवा वाढीव मात्रा देऊ नये.

रक्तात हिमोग्राम, सीआरपी (शरीरातील सूज दाखवणारी चाचणी), मूत्रपिंडाची चाचणी आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) तपासावा. काही अँटिबायोटिकांनी आयएनआर वर जातो आणि हृदयाभोवती रक्त साठू शकते. लघवी तपासावी. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यांत डेंग्यू आणि मलेरियाची तपासणी वगळू नये. डेंग्यूतही फुप्फुसाभोवती पाणी होते, प्लेटलेट घसरतात आणि तेव्हा ॲस्पिरिनचा निर्णय पथकालाच घ्यावा लागतो.

सीआरपीवर फार विसंबू नये. तो जंतुसंसर्गात वाढतो तसाच पोस्ट-पेरिकार्डिओटॉमी सिंड्रोममध्येही वाढतो, त्यामुळे वाढलेला सीआरपी हे अँटिबायोटिकचे कारण होऊ शकत नाही.

## टप्पा ८: इको, आणि इकोकडून काय विचारायचे

धोक्याच्या खुणा असतील तर इको सर्वांत आधी, नसतील तर त्याच दिवशी. 'इको नॉर्मल आहे' किंवा 'पंपिंग चांगले आहे' एवढे उत्तर घेऊन परतू नये. इको करणाऱ्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड दाखवून लेखी प्रश्न द्यावेत: हृदयाभोवती पाणी आहे का, किती मिलिमीटर, कोणत्या बाजूला आणि सोडतानाच्या तुलनेत वाढले का, उजव्या बाजूचे कप्पे दबतात का, झडपेवर, पॅचवर किंवा नळीत गाठीसारखे काही हलते का, नवी गळती आहे का, शंटमधून रक्त वाहते का, हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग कमी हलतो का.

शस्त्रक्रियेनंतर पाणी सगळीकडे सारखे पसरत नाही, चिकटलेल्या पडद्यांमुळे ते एका कप्प्यात, बऱ्याचदा हृदयाच्या मागे, साठते आणि घाईच्या इकोमध्ये निसटते. पाणी थोडे आहे म्हणून धोका नाही, असेही नसते. ते किती वेगाने साठले यावर हृदयावरचा दाब ठरतो. तसेच इकोमध्ये गाठ दिसली नाही, म्हणून एंडोकार्डायटिस नाही असे ठरत नाही. संशय राहिला तर काही दिवसांनी इको पुन्हा करावा लागतो.

## टप्पा ९: निष्कर्ष जुळवणे

पोस्ट-पेरिकार्डिओटॉमी सिंड्रोमचे निदान पुढील पाचपैकी किमान दोन गोष्टींवर होते: अन्य कारण न सापडलेला ताप, हृदयावरणाच्या किंवा फुप्फुसावरणाच्या सुजेचे दुखणे, छातीत ऐकू येणारा घासल्याचा आवाज, हृदयाभोवती पाणी, आणि सीआरपी वाढलेला असून फुप्फुसाभोवती पाणी. यातील 'अन्य कारण न सापडलेला' या शब्दांवर सगळा भार आहे. कारण शोधलेच नसेल, म्हणजे कल्चर पाठवलेच नसेल, तर ही अट पूर्ण होत नाही.

कल्चरमध्ये एकापेक्षा अधिक बाटल्यांत तोच जंतू उगवला, तर एंडोकार्डायटिस धरून चालावे, मग मूल कितीही तरतरीत दिसो. उजव्या बाजूच्या नळीवर संसर्ग असेल तर जंतूंच्या गाठी फुप्फुसात जातात, छातीत कळ येते आणि एक्स-रेमध्ये अनेक डाग दिसतात. हे चित्र न्यूमोनिया म्हणून वाचले जाण्याची शक्यता फार असते. जखम लाल, हाड हलते आणि ताप जास्त, हे मेडियास्टिनायटिस, त्याचे उपचार शस्त्रक्रिया पथकाकडेच. फाँटन (शरीराच्या खालच्या भागाचे अशुद्ध रक्तही थेट फुप्फुसाकडे वळवण्याची शस्त्रक्रिया) झालेल्या मुलात फुप्फुसातील गुठळीचा विचार करावा. फुप्फुसाभोवतीचे पाणी काढल्यावर ते दुधासारखे निघाले, तर लसिका वाहिनीची गळती असते. पाणी आठवडेच्या आठवडे टिकून राहिले, वजन घटत गेले किंवा घरात क्षयाचा रुग्ण असला, तर स्टेरॉइड लांबवण्यापूर्वी क्षयाची तपासणी करावी.

आणि हो, साधी सर्दी किंवा घशाचा संसर्गही असू शकतो, शस्त्रक्रिया झालेली मुलेही इतर मुलांसारखीच आजारी पडतात. पण ते निदान या यादीच्या शेवटी यावे, सुरुवातीला नाही.

## टप्पा १०: फोन, पाठवणी आणि पुढची तपासणी

पथकाला फोन करताना सुरुवात अशी असावी: मुलाचे वय आणि वजन, शस्त्रक्रियेचे नाव, कितवा दिवस, ताप किती दिवसांचा, ऑक्सिजन आधी किती आणि आता किती, कल्चर घेतले की नाही, इकोचे उत्तर. एवढे एका दमात सांगितले की पलीकडचे डॉक्टर लगेच निर्णय देऊ शकतात.

जतहून किंवा महाबळेश्वरहून मुलाला थेट पुण्याच्या वाटेला लावण्याचा मोह पालकांना होतो, कारण 'तिथेच ऑपरेशन झाले'. धोक्याच्या खुणा असतील तर हे करू नये. आधी मिरज, सांगली, कराड किंवा सातारा यांपैकी जवळच्या ठिकाणी इको करून घ्यावा. दाब असेल तर पाणी काढण्याचा निर्णय तेथेच व्हावा, घाटात अडकलेल्या गाडीत नव्हे. पाठवताना मूल बसलेल्या स्थितीत असावे, सोबत ऑक्सिजन, चालू सलाईन आणि शक्यतो डॉक्टर असावेत, आणि गुंगीचे औषध देऊ नये.

घरीच ठेवलेल्या स्थिर मुलाला २४ तासांनी पुन्हा तपासावे, कल्चरचा पहिला अहवाल ४८ तासांनी स्वतः फोन करून विचारावा आणि बाटल्या किमान पाच दिवस ठेवायला सांगावे. पोस्ट-पेरिकार्डिओटॉमी सिंड्रोमचे औषध सुरू झालेल्या मुलात ते हळूहळू कमी करताना किंवा बंद केल्यावर ताप आणि दुखणे परत येऊ शकते, म्हणून मात्रा कमी करण्यापूर्वी आणि औषध थांबवल्यानंतर इको व सीआरपी पुन्हा करून घ्यावेत, आणि त्या तारखा डिस्चार्ज कार्डाच्या शेवटच्या पानावर लिहून त्या पानाचाही फोटो काढून ठेवावा.